१३०० मायक्रॉन म्हणजे किती खोल? (मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा कॅन्सर)

काचपट्टी

गेल्या आठवड्यात एका काकांचा फोन आला. कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली गाठ, काढला होता, रिपोर्ट हातात पडला होता आणि पहिलाच प्रश्न, "अगं, १३०० म्हणजे फारच झालं ना?" अख्ख्या कागदावर त्यांना तो एकच आकडा दिसला होता. म्हटलं, काका, ते मायक्रॉन आहेत. सव्वा मिलिमीटरच्या जरा पुढे. त्यावर ते उसळले, "मग एवढ्याशासाठी आतडं कापायचं म्हणतायत?"

चाळीस मिनिटं बोलले. फोन ठेवल्यावर वाटलं की हे एकदा लिहूनच ठेवावं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, हे आकडे रिपोर्टात लिहिणाऱ्यांपैकीच एक. म्हणून त्या आकड्याच्या मागे काय असतं आणि काय नसतं, ते सांगते.

आतड्याची भिंत आतून बाहेर अशी बघा. सगळ्यात आत म्युकोसा, म्हणजे अस्तर. त्याच्या तळाशी स्नायूची एक बारीक पट्टी असते, तिचं नाव मस्क्युलारिस म्युकोसी. हे नाव लक्षात ठेवा, सगळं भांडण हिच्यावरून आहे. तिच्याखाली सबम्युकोसा: सैल, मऊ थर, रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांनी (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्यांनी) भरलेला. त्याखाली खरा जाड स्नायू, आणि मग बाहेरचं आवरण.

कॅन्सर अस्तरातच असेल, ती बारीक पट्टी ओलांडलेली नसेल, तर मोठ्या आतड्यात तो व्यवहारात कुठे पसरत नाही. नीट काढला की विषय संपला. याला टीआयएस म्हणतात. पट्टी ओलांडून सबम्युकोसात उतरला की टी१. जाड स्नायूत शिरला की टी२, आणि तिथे दुर्बिणीतून काढण्याचा विषयच राहत नाही.

गोची टी१ची आहे. सगळे टी१ एकत्र धरले तर साधारण दहातल्या एकाच्या लसिकाग्रंथींमध्ये कॅन्सर पोचलेला असतो. म्हणजे सगळ्यांचं ऑपरेशन केलं तर दहातल्या नऊ जणांच्या ग्रंथी कोऱ्या निघणार, आणि कुणाचंच केलं नाही तर एकाला फसवल्यासारखं होणार. तो एक कोण, हे आधी ओळखायची खटपट म्हणजे ही खोली मोजणं. जपानी मार्गदर्शक सूचनांनी रेघ मारली १००० मायक्रॉनवर, आणि युरोपातही 'खोल' म्हणजे एक मिलिमीटर किंवा जास्त असंच धरतात. छपाईचे साधे दहा कागद एकावर एक ठेवले की जेवढी जाडी होते तेवढं हे अंतर.

आता मोजतो कसं. अख्खा निघालेला तुकडा आधी कॉर्कवर किंवा थर्माकोलवर ताणून टाचण्यांनी टोचायचा, नाहीतर फॉर्मालिनमध्ये कडा वळून त्याची सुरळी होते. मग दोन-तीन मिलिमीटरच्या अंतराने पावाच्या लादीसारख्या चकत्या. प्रत्येक चकती मेणात, मेणाच्या ठोकळ्यातून काही मायक्रॉन जाडीचा पापुद्रा, तो काचेवर, मग गुलाबी-जांभळा रंग. सगळ्या काचा बघून कॅन्सर जिथे सर्वांत खाली पोचलाय ती जागा शोधायची. हा झाला शेवट. सुरुवात कुठून धरायची?

बारीक पट्टी दिसत असेल तर तिच्या खालच्या कडेपासून. कॅन्सरने ती खाऊन टाकली असेल तर थेट पृष्ठभागापासून. पॉलिपला देठ असेल आणि आतली पट्टी पिंजलेल्या कापसासारखी विस्कटलेली असेल, तर डोकं आणि देठ जिथे मिळतात त्या रेषेपासून. म्हणजे एकाच काचेवर, सुरुवात कुठून धरली त्याप्रमाणे, ९०० पण येऊ शकतात आणि २००० पण. दोन्ही लिहिणारे प्रामाणिकच.

काकांना शेवटी एवढंच सांगितलं की तो आकडा सुटा वाचू नका. बाकीचा रिपोर्ट मला वाचून दाखवा. तर म्हणाले, "बाकी इंग्रजी आहे."

---

बेफिकीर मुंगी

वाचनखूण साठवली. माझ्या बाबांचा पॉलिप दोन महिन्यांपूर्वी काढला, चपटा होता, तीन-चार तुकड्यांत निघाला. रिपोर्टमध्ये कॅन्सर आहे लिहिलंय आणि खोलीच्या जागी "मोजता येत नाही". आम्ही लॅबवर जाम भडकलो होतो. काम टाळलं असं वाटलं. तुमचं वाचून जरा शंका यायला लागली आहे.

---

काचपट्टी

@मुंगी, लॅबवर राग नका धरू. फाटलेल्या चिठ्ठीचे चार कपटे डबीत आले आणि कुठल्या कपट्याची कुठली कड बाहेरची हेच कळत नसेल तर ओळी लावणार कशा? तुकडे बरणीत वेडेवाकडे पडतात. वर काय, खाली काय, कळत नाही. शिवाय करंट देऊन कापल्यामुळे प्रत्येक कड भाजलेली असते, म्हणून तळाची खरी कड कोणती तेही सांगता येत नाही. अशा वेळी अंदाजपंचे आकडा लिहिण्यापेक्षा "मोजता येत नाही" लिहिणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

खोलीचं माप माझ्या टेबलावर सुरू होतच नाही. ते दुर्बिणीच्या खोलीत, काढताना ठरतं. अख्खा काढला तर मोजता येतो, चुरा केला तर नाही.

बाबांच्या बाबतीत बाकीच्या गोष्टी (कॅन्सर किती वाईट जातीचा, वाहिन्यांमध्ये शिरलाय का) तुकड्यांतही बघता येतात. त्या लिहिल्यात का, बघा.

---

दुर्बीणवाला

आमच्या बाजूचं बोलणं आलंच आहे तर हजेरी लावतो. रोज कोलोनोस्कोपी करतो.

काचपट्टी म्हणतात ते खरं आहे. खोलीचा पहिला अंदाज कापायच्या आधी डोळ्यांनी घ्यायचा असतो, कारण त्यावरच कसं काढायचं ते ठरतं. वरवरचा असेल तर तारेचा फासा टाकून कापायचा, म्हणजे ईएमआर. शंका असेल तर अख्खा एकसंध सोलून काढायचा, म्हणजे ईएसडी. खोल गेलाय हे दिसतंच असेल तर हात न लावता सर्जनकडे.

बघायचं काय? आधी आकार. देठावरचा गोंड्यासारखा पॉलिप निम्म्या वेळा दिसतो त्यापेक्षा कमी घाबरवणारा असतो. मी घाबरतो ते मधोमध खळगा पडलेल्या, चपट्या, गुळगुळीत डागाला. आडव्या पसरणाऱ्या गाठींत जी दाणेदार, गालिच्यासारखी सारखी असते ती पसरली कितीही तरी बहुतेक वेळा वरवरची. बिनदाण्याची, बशीसारखी किंचित खोलगट असेल तर ती लहान असूनही आत उतरलेली असू शकते, आणि तीही एकाहून जास्त ठिकाणी.

मग जवळून. जपानच्या कुडोंनी अस्तरावरच्या छिद्रांच्या नक्षीचे प्रकार पाडले. गोल ठिपके म्हणजे निरोगी, चांदण्या, नळ्या, मेंदूच्या वळ्यांसारख्या वळ्या, असं करत पाचव्या प्रकारापर्यंत. पाचव्यात नक्षी विस्कटते किंवा पुसूनच जाते. पुसली गेली असेल तर खाली काहीतरी खोल चाललंय. हे नीट बघायला इंडिगो कार्मिन किंवा क्रिस्टल व्हायोलेट शिंपडावं लागतं. क्रिस्टल व्हायोलेट चढायला थोडा वेळ लागतो, आणि कोलोनोस्कोपीच्या रांगेत तो वेळ काढायला कुणी तयार नसतं, ही आमची घरातली गोष्ट.

बटण दाबून मिळतो तो एनबीआय (नॅरो बँड इमेजिंग). ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा प्रकाश, जो रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं, म्हणून वाहिन्या गडद उठून दिसतात. त्यावरून २०१४ साली जपानी गटाने जेनेट वर्गीकरण काढलं: १, २ए, २बी, ३. तीनमध्ये वाहिन्यांची जाळी तुटलेली, मध्ये मोकळी मैदानं, जाड वाहिन्या अर्ध्यात संपलेल्या. तीन दिसला तर तो बहुतेक खरोखर खोल असतो. पण खोल असलेले सगळे तीन दिसत नाहीत. २बी म्हणजे तर सगळ्यांची खिचडी, साध्या अॅडेनोमापासून (अजून कॅन्सर न झालेली गाठ) खोल कॅन्सरपर्यंत काहीही निघतं. तिथेच क्रिस्टल व्हायोलेटचा आळस महागात पडतो.

शेवटची चाचणी सुईची. डागाखाली सलाइन टोचलं की वरवरचा डाग फोडासारखा टम्म वर येतो. खोल रुतलेला असेल तर आजूबाजूची जागा फुगते आणि तो मात्र खालीच बसून राहतो.

आणि माझी एक जुनी चूक. सुरुवातीच्या काळात एका चपट्या डागाच्या मी सहा बायोप्सी घेतल्या. जितक्या जास्त तितकं बरं, असं वाटायचं. पेशंट पुढे ईएसडीसाठी गेला, सुई टोचली, डाग वर येईना. कॅन्सर खोल नव्हताच. माझ्या चिमट्याने झालेले व्रण खालच्या थराला चिकटले होते. बरं, त्या सहा बायोप्सींनी खोलीबद्दल काय सांगितलं? काहीही नाही. चिमटा वरवरचंच खरवडतो. आता अख्खा काढता येण्यासारखं दिसत असेल तर चिमटा लावतच नाही. फोटो काढतो आणि पुढे पाठवतो.

---

वर्नियर

मी कारखान्यात मोजमापाचं काम करतो, त्यामुळे हाताला खाज सुटली. तीन प्रश्न.

१) १००० हा आकडा संशय यावा इतका गोल आहे. कॅन्सरला मेट्रिक पद्धत कधीपासून कळायला लागली?
२) सुरुवातीचा बिंदूच तीन प्रकारे धरता येत असेल तर मापाची चूक किती?
३) ९९० आणि १०१० मध्ये खरंच फरक आहे का?

---

काचपट्टी

@वर्नियर, तुम्ही आमच्या विभागात यायला हवं होतं.

१) गोल आहे, कबूल. पण हवेतून आलेला नाही. २००४ साली जपानमधल्या अनेक रुग्णालयांनी मिळून ऑपरेशन झालेल्या टी१ रुग्णांचा हिशोब मांडला. बिनदेठाच्या गाठींत १००० मायक्रॉनच्या आत एकाच्याही ग्रंथींत कॅन्सर नव्हता. म्हणून रेघ तिथे. ती 'याच्या आत बऱ्यापैकी निर्धास्त' अशी रेघ आहे. 'याच्या पुढे धोका' असा तिचा अर्थ नाही, आणि सगळे तिथेच गल्लत करतात.

२) मायक्रोस्कोपची पट्टी चुकत नाही, चुकते ती निवड. स्नायूची ती बारीक पट्टी तुटकी दिसत असेल तर एकजण म्हणतो "आहे, इथून धरा", दुसरा म्हणतो "नाही, पृष्ठभागापासून". अशा वेळी डेस्मिनचा रंग लावायचा. तो स्नायूला तपकिरी करतो, हरवलेल्या पट्टीचे धागेदोरे सापडतात. शिवाय चकती तिरकी पडली तर अंतर उगाच लांबतं. केळं तिरकं चिरलं की काप लांबट पडतो, तसंच.

३) नाही. ९९० आणि १०१० यांच्यात कॅन्सरला काही फरक नसतो. फरक रिपोर्ट वाचणाऱ्याला पडतो.

आता खरी गंमत. खोली १०००च्या पुढे आहे, पण दुसरी एकही वाईट खूण नाही, अशांच्या ग्रंथींत कॅन्सर सापडायचं प्रमाण शंभरात एक-दोनच्या आसपास येतं. म्हणजे त्या दहा टक्क्यांतला मोठा वाटा बाकीच्या खुणांचा आहे. त्या तीन.

पहिली, जात: पेशी किती बिघडलेल्या, म्युसिनस किंवा सिग्नेट रिंग (दोन्ही वाईट प्रकार) आहेत का. दुसरी, लसिकावाहिनीत किंवा शिरेत शिरकाव. माझ्या मते ही सगळ्यांत वजनदार. साध्या रंगात वाहिनी कोणती आणि आकसल्यामुळे पडलेली फट कोणती हे ओळखणं अवघड जातं, म्हणून लसिकावाहिन्यांसाठी डी२-४० आणि शिरांसाठी इलॅस्टिकाचा रंग.

तिसरी माझी आवडती, टीचभर पण बोलकी: बडिंग. कॅन्सरच्या पुढच्या कडेला मुख्य घोळक्यापासून सुटून एकटी-दुकटी निघालेली पेशी किंवा जास्तीत जास्त चार पेशींचं टोळकं, म्हणजे एक बड. सर्वांत गर्दीची जागा शोधून ०.७८५ चौरस मिलिमीटरच्या क्षेत्रात मोजायचे. चारपर्यंत पहिली पायरी, पाच ते नऊ दुसरी, दहा किंवा जास्त तिसरी. हे २०१६ला आंतरराष्ट्रीय बैठकीत ठरलं. दुसरी-तिसरी पायरी म्हणजे कान टवकारायचे. एखादी काच अशी असते की खोली जेमतेम ७०० आणि कडेला पेशी शिमग्याच्या सोंगांसारख्या उधळलेल्या. माझी झोप १३००वाल्यापेक्षा तो उडवतो.

---

स्पष्टच बोलतो

एवढा काथ्याकूट कशाला? कॅन्सर आहे ना? कापून टाका आणि मोकळे व्हा. एक-दोन टक्के पण कशाला अंगावर ठेवायचे?

---

अर्धा चंद्र

@स्पष्टच, आम्ही तेच केलं. आईचा होता, गुदाशयात, अगदी खाली. पॉलिप पूर्ण निघाला होता, कड स्वच्छ होती, फक्त "खोल शिरकाव" लिहिलं होतं. "कापून टाका" आम्हीच म्हणालो. डॉक्टर थोडे थांबा म्हणत होते, आम्हालाच धीर नव्हता.

चौदा ग्रंथी काढल्या. चौदाच्या चौदा कोऱ्या. रिपोर्ट वाचून आधी आनंद झाला आणि दुसऱ्या मिनिटाला असा राग आला की सांगता येत नाही, आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना. काही महिने पोटावर पिशवी होती. ती बंद केली त्याला दोन वर्षं झाली, आई अजून दिवसातून सात-आठ वेळा जाते आणि बाहेर पडायच्या आधी संडास कुठे आहे ते विचारते. ती जिवंत आहे, बरी आहे. कुणी चुकलं असं मी म्हणत नाहीये. फक्त "मोकळे व्हा" हा शब्द वाचला आणि लिहावंसं वाटलं.

---

दुर्बीणवाला

अर्धा चंद्र, लिहिलंत ते बरं केलंत.

@स्पष्टच, ऑपरेशनलाही स्वतःची जोखीम असते: जोड गळणं, भूल, वयस्कर माणसाचं हृदय. उरलेला एक-दोन टक्के धोका एका तागडीत आणि हे दुसऱ्या तागडीत. उजव्या बाजूच्या आतड्यात, धडधाकट पन्नाशीच्या माणसात तागडी एकीकडे झुकते. गुदाशयाच्या तोंडाशी, ऐंशीच्या माणसात दुसरीकडे. रिपोर्ट तोच असतो.

पण उलट बाजूही सांगतो, नाहीतर लोक म्हणतील दुर्बीणवाले ऑपरेशन नको म्हणतात. तळाच्या कडेला कॅन्सर लागलेला असेल, किंवा वाहिनीत दिसला असेल, आणि प्रकृती झेपणारी असेल, तर मी स्वतः सर्जनचा नंबर देतो.

---

स्पष्टच बोलतो

@अर्धा चंद्र, सॉरी. तसं म्हणायचं नव्हतं.

---

पाणकणीस

मस्त धागा. एक बाळबोध शंका: सीटी किंवा एमआरआय करून खोली कळत नाही का? एवढं कापून-चिरून मोजायचं कशाला?

---

दुर्बीणवाला

सीटीला हे थर वेगवेगळे दिसतच नाहीत. तो लांब पसरलंय का ते बघायला. एमआरआय गुदाशयात मोठ्या गाठींसाठी उत्तम, पण टी१ की टी२ यावर तो अडखळतो. दुर्बिणीतून सोनोग्राफीची २० मेगाहर्ट्झची बारीक कांडी घातली तर थर खरंच दिसतात, पण गाठ जाड असेल तर लाटा तळापर्यंत पोचत नाहीत, आणि वळणावर कांडी सरळ धरणं हीच कसरत. एआयवर कामं चालू आहेत. पॉलिप शोधण्यात त्याची मदत होतेच. खोली सांगण्याच्या बाबतीत मी अजून त्याच्या भरवशावर फासा टाकणार नाही.

---

बेफिकीर मुंगी

काचपट्टी, बाबांचा रिपोर्ट परत वाचला. जात मध्यम, वाहिन्यांत शिरकाव दिसत नाही, बडिंग पहिली पायरी. म्हणजे लॅबने टाळलं नव्हतं, आम्हीच एका ओळीवर अडकलो होतो. सर्जन आणि पोटाचे डॉक्टर दोघांना एकत्र भेटतोय. जुन्या जागी परत दुर्बीण घालून बघायचं म्हणतात.

---

काचपट्टी

छान. जागेवर खुणेची शाई टोचलीय का विचारून घ्या, नाहीतर बरी झालेली जागा परत सापडत नाही.

आणि काकांचं पुढे काय झालं, ते त्यांना विचारून लिहिते. ब्लॉक (ते मेणाचे ठोकळे) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवले, मी मुद्दामच बघितले नाहीत, घरचा माणूस. डेस्मिन लावल्यावर पट्टीचा उरलेला धागा सापडला, खोली पृष्ठभागाऐवजी तिथून मोजली. १३००चे ८५० झाले. त्याच फेरीत डी२-४० लावलं होतं. एका कोपऱ्यात, पहिल्यांदा सगळ्यांनी फट समजून सोडून दिलेल्या जागेत, लसिकावाहिनीच्या आत कॅन्सरच्या पाच-सहा पेशी बसलेल्या.

आता सर्जनही ऑपरेशन म्हणतात आणि मीही. काल संध्याकाळी काकांना हे सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "पण आकडा तर कमी झाला ना गं?"

---

वर्नियर

तारीख ठरली की कळवा. ग्रंथींचा रिपोर्ट आल्यावरही.